पहाटे पाच वीसची बेल

तारे आधीच सांगून टाकते: पाचपैकी साडेतीन. महिन्याभरापूर्वी लिहायला बसले असते तर एकच दिला असता, तोही शून्य देता येत नाही म्हणून.

वस्तू म्हणजे वायरलेस बेल. भिंतीच्या सॉकेटात खोचायचा एक रिसीव्हर, त्याच्याबरोबर दोन बटणं. ऑनलाइन मागवली, ८९९ रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खोक्यावर एक नाव आहे, बटणाच्या पाठीवर दुसरं, आणि बिलावर तिसरंच. मी पतसंस्थेत काम करते. एका खात्यावर तीन नावं दिसली की आमच्याकडे फाइल बाजूला काढतात. इथे मात्र मी पैसे भरून मोकळी झाले.

घ्यायचं कारण आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई. वय अठ्ठ्याहत्तर. दिवाळीआधी मोरीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आता वॉकर घेऊन चालतात. रात्री उठायचं तर मला हाक मारायची असं ठरलंय. पण त्यांचा आवाज बसलेला आणि माझी झोप गाढ. आमचे हे साखर कारखान्यात, गाळपाच्या हंगामात रात्रपाळी. घरात मी, आत्ती आणि दहावीतली लेक. आधी मी देव्हाऱ्यातली घंटा त्यांच्या उशाशी ठेवली, तर म्हणाल्या, "देवाची घंटा वाजवून लघवीला जायचंय म्हणून सांगू व्हय गं?" मग स्टीलचा तांब्या आणि चमचा ठेवला. तो चालला, पण तांब्यानं लेकीची झोप मोडायची आणि माझी नाही. म्हणून बेल.

दोन बटणांपैकी एक दारासाठी. त्यात बॅटरी नाही. दाबलं की आत टक्क होतं, एक लोहचुंबक तारेच्या वेटोळ्याजवळून झटक्यात सरकतो आणि तेवढ्या हालचालीतून जी चिमूटभर वीज तयार होते तिच्यावर बटण आपला निरोप पाठवतं. ही खरोखर सुंदर गोष्ट आहे. सायकलच्या डायनॅमोवर वाढलेल्या माणसाला तर फारच पटते. तोटा इतकाच की जोर लागतो, म्हाताऱ्या बोटांना जमत नाही. दुसरं बटण गळ्यात अडकवायचं, त्यात करंगळीच्या पेराएवढी १२ व्होल्टची बॅटरी. हे हलक्या बोटानं दाबलं जातं आणि दाबलं की लाल दिवा लागतो. हे आत्तींच्या गळ्यात.

सूर अडतीस आहेत म्हणे. त्यातले तीस माणसानं ऐकू नयेत असे. एक घोड्याच्या टापांचा आहे, तो कोणत्या घरात लावतात ते मला बघायचंय. दाराला साधं डिंगडाँग ठेवलं, आत्तींच्या बटणाला कोकिळा. आवाजाच्या चार पायऱ्या, वरची पायरी शेजाऱ्यांनाही पुरेल अशी.

जोडणी संध्याकाळी कामावरून आल्या आल्या केली. रिसीव्हरचं बटण पाच सेकंद दाबून धरायचं, दिवा लुकलुकायला लागला की बेलचं बटण दाबायचं, झालं. मी दिवा लुकलुकवला, दाराचं बटण हातात घेतलं, आणि मी दाबायच्या आतच डिंगडाँग झालं! म्हटलं, वा, काय तत्पर आहे. मग दाबून बघितलं तर काहीच नाही. परत पहिल्यापासून केलं, या खेपेला नीट झालं. आत्तींचंही एका फटक्यात झालं. पहिल्यांदा आपलंच बोट लागलं असेल म्हणून मी विषय सोडला. तो तिथे सोडायला नको होता.

दुसऱ्याच दिवशी पहाटे बेल वाजली. डिंगडाँग, म्हणजे दार. धडपडत उठले, भिंगातून बघितलं, बाहेर कुणी नाही. घड्याळात पाच बावीस. परत येऊन पडते तोवर पुन्हा डिंगडाँग. पुन्हा कुणी नाही. तिसऱ्या दिवशी पाच अठरा, एकदाच. चौथ्या दिवशी पाच पंचवीस, लागोपाठ चारदा. पाचव्या दिवशी मी दार उघडून काठी घेऊन उभी राहिले. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या बायकांनी मॉर्निंग वॉकला जाताना मला तशी बघितलीय, आणि अजून कुणी काही विचारलेलं नाही.

आत्ती मात्र शांत. म्हणाल्या, "ते उठायचे बघ ह्याच टायमाला." ते म्हणजे मामा, माझे सासरे. सहा वर्षं झाली त्यांना जाऊन. पाच वीसला उठून, तोंड धुऊन, सांगली आकाशवाणी लागायच्या आत रेडिओसमोर बसायचे. रेडिओच्या काचेवर १२५१ किलोहर्ट्झच्या जागी त्यांनी नेलपॉलिशचा लाल ठिपका दिलाय, तो अजून तसाच आहे. आत्तींनी हे म्हटल्यावर लेक माझ्या खोलीत झोपायला आली. मला भूतखेत पटत नाही, पण पहाटे पाच वीसला काय पटतं आणि काय नाही हे उजाडल्यावर सांगणं सोपं असतं.

मी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर नोंदी सुरू केल्या. वार, वेळ, किती वेळा. लेकीनं सांगितलं, संध्याकाळीही वाजते, साडेसहा-पावणेसातला. ती समजत होती खालची पोरं बेल दाबून पळतात. तेही लिहिलं. आठवड्याच्या नोंदी बघून एवढं कळलं की पहाटे पाच अठरा ते पाच सत्तावीस आणि संध्याकाळी सहा पस्तीस ते पावणेसात, याच्या बाहेर उगाच वाजत नाही. भूत असलंच तर फार शिस्तीचं.

मग मी दाराचं बटण काढून पिठाच्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं. त्या दिवशीही पाच वीसला डिंगडाँग. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला, म्हणजे अर्धा. या बटणात बॅटरीच नाही. दाबल्याशिवाय त्याच्या अंगात जीवच येत नाही, तर ते बोलणार कशाच्या जोरावर? म्हणजे दुसरंच कुणीतरी बोलतंय आणि माझी बेल त्याला ओ देतेय.

दुसरं कोण, ते शोधायला मी आधी चुकीच्या वाटेला लागले. कुठेतरी ऐकलं होतं की घरातल्या वस्तू रेडिओत खरखर करतात. मामांचा रेडिओ घेतला, मीडियम वेव्हवर दोन स्टेशनांच्या मधली रिकामी जागा लावली आणि तो कडेवर घेऊन घरभर फिरले. हे मात्र प्रत्येकानं एकदा करून बघावं. फ्रिजजवळ घूं घूं. स्वयंपाकघरातल्या एलईडी ट्यूबखाली भाजी फोडणीला टाकल्यासारखा आवाज. आणि लेकीच्या स्वस्तातल्या मोबाइल चार्जरजवळ तर रेडिओ किंचाळायलाच लागला. हे चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करून तिचं रूपांतर करतात. त्या उघडझापीचे पडसाद रेडिओच्या पट्ट्यात सांडतात. चांगल्या वस्तूत ते अडवायला आत फिल्टर असतो, स्वस्तातल्या वस्तूत बहुधा तोच वाचवलेला असतो. चार्जर फेकला, चांगला आणला. आत्तींना आकाशवाणी स्वच्छ ऐकू यायला लागली, माझं तेवढंच पुण्य. पण दुसऱ्या दिवशी पाच एकोणीसला डिंगडाँग. अशी खरखर बेलला बहिरं करू शकते, पण शहाण्यासारखं तिचं नाव घेऊन हाक मारू शकत नाही, हे मला नंतर समजलं.

याच दिवसांत ती गोष्ट घडली जिच्यामुळे मी तारे कापलेत. एका पहाटे आत्तींनी बटण दाबलं. तीनदा दाबलं, लाल दिवा तीनदा लागला. बेल वाजली नाही. म्हणजे डिंगडाँग वाजत होतं, कोकिळा नाही. मला सवय झाली होती, मी कूस बदलली. त्या वाट बघून एकट्याच उठल्या. वॉकर होता, भिंतीचा आधार घेतला, काही झालं नाही. पण मी उठून बघते तर त्या मोरीच्या दारात उभ्या, गुडघे थरथरतायत, आणि म्हणतात, "दिवा लागला की गं, म्हटलं येशील." मला ते अजून जात नाही डोक्यातून.

परत पाठवायची मुदत संपायला तीन दिवस होते. खोकं शोधून ठेवलं. आणि बिल्डिंगची मोटर जळाली.

आमची चार मजली बिल्डिंग, आम्ही तिसऱ्यावर. खालच्या हौदातून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर. ती गेली वाइंडिंगला, आणि दोन दिवस सगळे बादल्या घेऊन जिन्यात. दुसऱ्या दिवशी रात्री वहीत लिहायला बसले तर लिहायला काही नव्हतं. दोन दिवस, चार वेळा, बेल गप्प. जिन्यात बादली धरून धरून हात दुखत होते, त्यामुळे दोन गोष्टी एकमेकींना जोडायला जरा वेळच लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मोटर आली, बसवली. दुसरा शनिवार, मी घरीच. खालून मोटरची घरघर ऐकू येत होती. पावणेतीनच्या सुमाराला डिंगडाँग झालं, आणि त्याच क्षणी घरघर थांबली. मी लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिले.

धाकट्या नणंदेचा मुलगा वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजला इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला फोन केला. तो स्कूटरवर लॅपटॉप आणि अंगठ्याएवढा एक डोंगल घेऊन आला. हे डोंगल मुळात कॉम्प्युटरवर टीव्ही बघायला निघाले होते, म्हणाला. मग लोकांना कळलं की ह्याच्यातून रेडिओचा जवळजवळ कुठलाही पट्टा ऐकता येतो, दोनेक हजारांत. आम्ही गच्चीवर गेलो. टाकीच्या बाजूला भिंतीवर एक करडा खोका, त्यातून वीतभर काळी तार वर आलेली, आणि एक वायर टाकीत उतरलेली, तिच्या टोकाला तरंगता गोळा. पाणी वर आलं की गोळा उचलला जातो, खोका खालच्या पॅनलला बिनतारी निरोप पाठवतो, मोटर बंद. हे मागच्या उन्हाळ्यात बसवलं तेव्हा सोसायटीच्या मीटिंगला मी स्वतः हात वर केला होता.

भाच्यानं वायर धरून गोळा हातानं उचलला. लॅपटॉपवर ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या जागी पिवळी रेघ उमटली आणि माझा फोन वाजला. खालून लेक: "मम्मी, वाजली!" गोळा सोडला, परत उचलला. "परत वाजली!" असं आम्ही सहा वेळा केलं. चार वेळातच खात्री पटली होती, उरलेल्या दोन वेळा नुसती हौस म्हणून.

आता त्यानं समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. आपल्याकडे ४३३ ते ४३४ मेगाहर्ट्झ हा चिंचोळा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांना विनापरवाना मोकळा ठेवलाय, ताकद १० मिलिवॉटपर्यंत. त्यामुळे बेल, गाड्यांच्या रिमोट चाव्या, गेटचे रिमोट, टाकीचे खोके, सगळे त्याच एका बोळात बोलतात. तिथल्या लहरीची लांबी सत्तर सेंटीमीटरच्या आत-बाहेर, म्हणून पाव लांबीची ती वीतभर तार. अशा लहरी भिंतीतून वायफायपेक्षा बऱ्या जातात, म्हणून गच्चीवरचं बोलणं तिसऱ्या मजल्यावर ऐकू येतं.

प्रत्येक बटणाला कारखान्यातच एक नंबर दिलेला असतो. या स्वस्त जातीच्या चिपमध्ये तो २० बिटांचा, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास वेगवेगळे नंबर. तेव्हा दोघांचा नंबर योगायोगानं एकच निघण्याची शक्यता कमी. पण भाषा मात्र सगळ्यांची तीच. टाकीच्या खोक्यातली चिप आणि बेलमधली चिप एकाच बोलीतल्या. आणि रिसीव्हर जोडणीच्या वेळी 'तू कोण' असं विचारत नाही. दिवा लुकलुकत असताना त्या बोलीत जो पहिला नंबर कानावर पडेल तो वहीत लिहून घेतो. आमच्याकडे ओळखपत्र न बघता खातं उघडल्यासारखं.

त्या संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा पावणेसात होत आले होते. मी दिवा लुकलुकवला, माझं बोट बटणावर जायच्या आत वर टाकी भरली, खोका बोलला, आणि माझ्या बेलनं टाकीला खातेदार करून घेतलं. तेच ते तत्पर डिंगडाँग. दुसऱ्या खेपेला दाराचं बटण जोडलं गेलं, पण पहिलं खातं बंद कुणी केलं? बेल इतके दिवस बिघडलेली नव्हतीच. तिला शिकवलं तेच ती करत होती, शिकवणारी मी.

कधी एकदा, कधी चारदा वाजण्याचं कोडंही सुटलं. टाकीत वरून पाण्याची धार पडते, पाणी हेलकावतं, गोळा वरखाली होतो, आणि प्रत्येक वेळी वर गेला की खोका पुन्हा तोच निरोप धाडतो.

आणि आत्तींची हाक का पोचली नाही, तेही. रिसीव्हर एका वेळी एकाचंच ऐकू शकतो. खोका जोरात आणि घोळवून बोलतो, त्याच सेकंदांत आत्तींचं बटण बोललं तर दोघांच्या बोलण्याची खिचडी होते. बटणाला हे कळायचा मार्ग नाही, कारण ते फक्त बोलतं, ऐकत नाही. लाल दिवा म्हणजे 'मी सांगितलं'. 'समोरच्यानं ऐकलं' नव्हे. मी भाच्याला विचारलं, दिव्याचा उपयोग काय मग? म्हणाला, "मामी, पोस्टकार्ड पेटीत टाकल्याचा." आत्तींचा बिछाना आणि रिसीव्हर यांच्या मध्ये लोखंडी कपाट होतं, त्यानं आणखी भर घातली असणार.

हे आपल्याच घरी घडतं असं वाटून घ्यायचं कारण नाही. भाच्यानं दोन किस्से सांगितले. वेल्समध्ये अबरहोसन नावाचं खेडं. तिथे दीड वर्ष रोज सकाळी सातला गावाचं इंटरनेट कोलमडायचं. कंपनीनं केबली बदलल्या तरी तेच. शेवटी इंजिनिअर पहाटे यंत्र घेऊन गावात फिरले, आणि सातच्या ठोक्याला सापडलं की एका घरात जुना टीव्ही लावला जातो, तो अख्ख्या गावाच्या लाइनीत गोंधळ घालतोय. घरमालक बिचारा इतका ओशाळला की टीव्ही परत लावला नाही. ही २०२० मधली गोष्ट. दुसरा त्याच्या आदल्या वर्षीचा, अमेरिकेत ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेडचा: गल्लीतल्या लोकांच्या गाड्यांच्या चाव्या आणि गॅरेजचे रिमोट काही आठवडे चालेनासे झाले. एका हौशी माणसानं घरात वरच्या मजल्यावर कुणी आहे का हे कळावं म्हणून एक यंत्र बनवलं होतं, ते अखंड बोलत राहायचं. बाकीच्यांना बोलायला जागाच नाही.

मला पहिल्या किश्श्यातला माणूस जवळचा वाटला. काठी घेऊन उभं राहण्यापेक्षा टीव्ही बंद करणं बरं.

भाचा वर्षापूर्वी २८ फेब्रुवारीला नारायणगावजवळ खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण बघायला गेला होता, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची, तिथलं विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं ना, ते. तिथे आकाशातल्या इतक्या क्षीण लहरी ऐकतात की आजूबाजूची रेडिओची गडबड हीच मोठी डोकेदुखी. हे सांगताना तो आमच्या गच्चीवरून खाली पार्किंगकडे बघत होता. कुणीतरी गाडी लॉक केली आणि लॅपटॉपवर रेघ आली. मग पलीकडच्या बिल्डिंगमधून आणखी एक. मला एकदम आपण फार गर्दीत राहतो असं वाटलं.

उपाय पाच मिनिटांचा. रिसीव्हर सॉकेटात खोचताना बटण दाबून धरायचं, तीनदा टूं टूं झालं की सगळी खाती बंद. हे माहितीपत्रकात आहे. मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरात, सातव्या मुद्द्यात, शेवटच्या ओळीत. जोडणी करण्याआधी आजूबाजूला काही चालू नाही ना बघा, आणि बटण न दाबताच वाजली तर सगळं पुसून पहिल्यापासून करा, एवढी एक ओळ मोठ्या अक्षरात घातली असती तर मी काठी घेऊन उभी राहिले नसते. अर्धा तारा त्यासाठी कापलाय.

भाच्यानं लॅपटॉपवर मिनिटभर पट्टा शांत आहे याची खात्री केली आणि रविवारी सकाळी अकराला आम्ही दोन्ही बटणं नव्यानं जोडली. रिसीव्हर कपाटामागून काढून माझ्या उशाजवळच्या सॉकेटात आणला. त्या दिवसापासून आज चौविसावा दिवस. उगाच एकदाही वाजली नाही. आत्तींच्या हाकांपैकी एकही हुकलेली नाही, वही समोर आहे.

आणखी एक तारा हाकेची पोच मिळत नाही म्हणून कापला. आजारी माणसासाठी घेणार असाल तर हे लक्षात ठेवा. ही बेल पाहुण्यांसाठी उत्तम आहे. रुग्णासाठी ती एकटी पुरेशी नाही. आमच्याकडे तांब्या-चमचा परत आत्तींच्या उशाशी आलाय, आणि आमचं ठरलंय: दोनदा दाबून कोकिळा ऐकू आली नाही तर तांब्या. कोकिळा त्यांच्या कानावर जावी म्हणून आवाज वरच्या पायरीवर आहे, त्याबद्दल दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची क्षमा मागून झालीय.

बारीकसारीक: खोक्यावर १५० मीटर लिहिलंय ते मोकळ्या मैदानातलं समजावं, बिल्डिंगमध्ये खालच्या गेटपर्यंत कसंबसं जातं. लाइट जाऊन आली की आवाजाची पायरी आपोआप मधल्यावर येते, हे फार चिडवणारं आहे, हंगाम कुठलाही असो आपल्याकडे लाइट जातेच. निळा दिवा रात्री डोळ्यात खुपतो, मी त्यावर टिकली लावलीय. दाराच्या बटणाचा दुतर्फा टेप पावसाळ्यात टिकेल असं वाटत नाही, स्क्रूनं बसवा.

कुणी विचारेल, याहून स्वस्त मिळते ना? मिळते. आमच्या खालच्या मजल्यावर बाजारातली अडीचशेवाली आहे. तिला जोडणीच नसते, नंबर ठरावीक, आणि समोरच्या बिल्डिंगमध्ये तीच जात असल्यामुळे त्यांच्याकडे पाहुणे आले की यांच्याकडे चहा ठेवला जातो. त्यापेक्षा ही कितीतरी बरी.

एक सांगायचं राहिलं. बेल गप्प झाल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी आत्ती म्हणाल्या, "आता पाणी चढलेलं कळत न्हाई गं." म्हणजे यांनी ते कधीच ओळखलं होतं? विचारलं तर म्हणाल्या, "बेल वाजली की मोरीतल्या नळाला जोर यायचा. तू कुठं विचारलंस?" आणि मामांचं? त्यावर त्या नुसत्या हसल्या.

मी आणखी एक सुटा रिसीव्हर मागवलाय, ४२० रुपयांना. तो स्वयंपाकघरात लावला, संध्याकाळी पावणेसातला मुद्दाम दिवा लुकलुकवला, आणि टाकीला रीतसर खातं उघडून दिलं. सूर घोड्याच्या टापांचा. पाच वीसला टापा वाजतात, मी उठून आधण ठेवते, आत्ती आतून रेडिओ लावतात.